अक्काची हरकत

वाशी, नवी मुंबई
२३ ऑगस्ट १९८१

प्रिय अक्का,
सप्रेम सलाम.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डात तू मला दोनदा रागावली आहेस, त्यावरून तुझी तब्येत ठणठणीत आहे हे कळलं आणि देवाचे आभार मानले.

आज उपासना माझ्याच घरी होती. वाशीत आपल्या ख्रिस्ती मंडळीला अजून मंदिर नाही, हे तुला माहीतच आहे. पाळक मुंबईहून खाडीपूल ओलांडून बसने येतात, आम्ही बाहेरच्या खोलीत सतरंज्या घालतो आणि मी पेटीवर बसतो. आज इतकी गर्दी झाली की काही जणांनी स्वयंपाकघरात बसून गायनं म्हटली. समोरच्या ब्लॉकमधले दिलीपराव आपले नव्हेत, पण पेटी ऐकायला म्हणून दारात खुर्ची टाकून बसतात. प्रवचन सुरू झालं की खुर्ची हळूच मागे सरकते आणि दार लागतं. पाळकांनी आज मुद्दाम मध्येच एक गायन घातलं, तर खुर्ची परत आली! सगळे हसले, पाळकही हसले.

सोसायटीत आता वरच्या मजल्यांना पाणी येऊ लागलं आहे. तळमजल्यावरच्यांनी नळाला मोटारी लावल्या होत्या, त्यामुळे आम्ही कोरडे. नव्या सेक्रेटरी जयमालाबाई त्रिभुवन आपल्याच मंडळीतल्या, इथल्या एका दवाखान्यात सिस्टर आहेत. त्यांनी मीटिंग नाही बोलावली, भांडणही नाही केलं. तिसऱ्या मजल्यावरची भरलेली कळशी घेऊन तळमजल्यावरच्या एकेका गृहस्थाच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "एवढी वर पोचवून या, मग बोलू." आठवड्यात मोटारी निघाल्या. जयमालाबाईंचं म्हणणं असं की माणूस वाईट नसतो, त्याने जिना चढलेला नसतो. मला हे फार पटलं. जयमालाबाई गातातही बऱ्या.

अक्का, एक विचारू? पन्नाशी उलटलेल्या माणसाला सकाळी उठल्याउठल्या, काही कारण नसताना, गाणं सुचावं हे बरं लक्षण आहे का? अरुणा गेल्यापासून अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. मी एका मोठ्या निर्णयापाशी आलो आहे. तुझ्या आशीर्वादाशिवाय पाऊल टाकणार नाही. सविस्तर नंतर लिहीन.

तुझा
मधू


अहमदनगर
१ सप्टेंबर १९८१

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तुझा निर्णयही ओळखला. मी तुला आई गेल्यापासून वाढवलं आहे, माझ्यापासून काय लपवतोस? तू सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहणार आहेस. ती सेक्रेटरीबाई तुला चढवून देते आहे. पत्रभर तिचंच नाव आहे!

तर ऐक. उभा राहू नकोस. विश्वासणाऱ्याने सरकारला कर द्यावा, शेजाऱ्याला मदत करावी, राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी. खुर्चीसाठी मतं मागत दारोदार फिरू नये. आज पाण्यासाठी, उद्या रंगासाठी, परवा मानासाठी. आणि तुमच्या या मीटिंगा होतात तरी कधी? रविवारी सकाळीच ना? सगळ्या नोकरदारांना तोच वार मोकळा. म्हणजे प्रभूचा दिवस गेला मोटारींच्या भांडणात. बाईमाणसाने तर त्यात पडूच नये असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

आनंदाबद्दल विचारलंस. आनंद करा असं प्रेषिताने लिहिलं खरं, पण कुठून लिहिलं? तुरुंगातून. तेव्हा गाणं सुचण्यावर जाऊ नकोस. दात दुखत असताना, भाकरी करपलेली असताना जो टिकतो तो आनंद. बाकीचं सगळं हवापाणी. उपासनेत हसणं मला बिलकूल पसंत नाही, पाळक हसले असले तरी.

इकडे ठीक. माझं मोठं शिसवी कपाट मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेला देऊन टाकलं. एकट्या बाईला एवढं कपाट कशाला? तुझी बाहेरची खोली किती लांब-रुंद आहे ते कळव. पलंग कुठल्या भिंतीला लावला आहेस? दोन जिने चढताना दम लागतो का? सहज विचारते आहे.

तुझं नाव नगरच्या मंडळीतच आहे ना? तिकडच्या सतरंजीवाल्या मंडळीत घालू नकोस. नाव जिथे बाप्तिस्मा झाला तिथेच असावं.

तुझी
अक्का


वाशी, नवी मुंबई
१६ सप्टेंबर १९८१

प्रिय अक्का,
सप्रेम सलाम.

हे पत्र मी पाचव्यांदा लिहितो आहे. आधीची चार फाडली. एकात फारच प्रस्तावना झाली होती, एक रडकं झालं होतं, बाकीच्या दोहोंत मी हवामानाबद्दलच लिहीत राहिलो.

मी निवडणुकीला उभा राहत नाही. मी लग्न करतो आहे.

लिहून टाकलं एकदाचं. जयमालाबाईंशी. त्या सेहेचाळीस वर्षांच्या आहेत, लग्न झालेलं नाही. आईबाप लहानपणीच गेले, जालन्याच्या बोर्डिंगात वाढल्या. नात्यागोत्याचं कुणी नाही. एप्रिलमध्ये मला टायफॉइड झाला होता. तुला कळवलं नव्हतं, रागावू नकोस. ड्यूटी संपवून त्या रोज पेज घेऊन यायच्या, दार सताड उघडं ठेवून बसायच्या, कुणी बोट दाखवू नये म्हणून समोरच्या वैजयंतीबाईंनाही बोलवायच्या. बरा झालो आणि पेज बंद झाली, तेव्हा मला कळलं की मी पेजेची वाट बघत नव्हतो.

अरुणाला मी विसरलो नाही. जयमालाबाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "विसरला असता तर मी तुमच्याशी लग्न केलं नसतं. जो एकीला विसरतो तो दुसरीलाही विसरेल."

लग्न सतरा ऑक्टोबरला, शनिवारी, इथल्या शाळेच्या हॉलमध्ये. आता घाबरत घाबरत पुढचं. आपल्या रीतीप्रमाणे ओळीने तीन रविवार उपासनेत आमची नावं वाचून कुणाची हरकत आहे का असं विचारायला हवं. आणि माझं नाव तुझ्या हट्टामुळे अजून नगरच्या मंडळीत, म्हणून ही नावं, म्हणजे बॅन्स, नगरलाही वाचावी लागणार, असं पाळक म्हणाले. त्यांनी नगरच्या पाळकांना चिठ्ठी धाडली आहे. माझं पत्र त्याआधी तुझ्या हाती पडेल असा हिशेब आहे.

अक्का, आशीर्वाद दे.

तुझा
मधू

ता. क. बाहेरची खोली दहा बाय बारा आहे. पलंग खिडकीच्या भिंतीला. जिन्याने दम लागत नाही. तुला एवढी चौकशी कशाला हवी ते कळलं नाही.


अहमदनगर
२१ सप्टेंबर १९८१

मधुकर,

तुझा हिशेब चुकला. लहानपणापासून गणितात कच्चाच होतास. तुझ्या पाळकांची चिठ्ठी कुणी एस. टी.ने येणाऱ्याच्या हाती आली ती शनिवारी पोचली. तुझं पत्र आज, सोमवारी आलं. मधला रविवार काय झाला ते ऐक.

मी नेहमीप्रमाणे पुढून तिसऱ्या बाकावर. शेजारी चांगुणाबाई. जाहिराती सुरू झाल्या. तरुण संघाची सहल, छपराचा फंड, आणि मग पाळकांनी चष्मा पुसून वाचलं की या मंडळीचे सभासद मधुकर शामराव अमोलिक, विधुर, आणि वाशी येथील जयमाला त्रिभुवन, कुमारिका. मागे पोरं खुसखुसली. चांगुणाबाईंनी मला कोपर मारलं. "अगं बायजा, हा आपलाच मधू का गं? मला बोलली नाहीस ती?"

मला बोलली नाहीस! मंडळीभर चौकशी चालू झाली आणि मी, तुझी सख्खी बहीण, तुझ्या लग्नाची बातमी छपराच्या फंडानंतर ऐकते आहे. मग पाळक म्हणाले, कुणाची योग्य हरकत असल्यास त्याने आता सांगावं. एवढ्या वर्षांत तो प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल. कुणी उठत नाही. उठायची रीतच नाही. पाळक तर उत्तराची वाट न बघता पान उलटतात.

मी उठले.

"हरकत आहे," मी म्हणाले.

पाळकांच्या हातून कागद खाली पडले. पेटीवाल्याने घाबरून सूर धरला. उपासना संपल्यावर मला आतल्या खोलीत बोलावलं. पाळक तरुण आहेत, माझेच विद्यार्थी. म्हणाले, "बाई, पहिली बायको हयात आहे का? रक्ताचं नातं आहे का? कुणी वयाने अज्ञान आहे का? हरकत या तीन प्रकारांतली लागते." मी म्हटलं, चौथ्या प्रकारची आहे. म्हणाले, "लिहून द्या. मला वाशीला कळवावं लागेल. तिसऱ्या रविवारपर्यंत तुम्ही ती मागे घेतली नाहीत तर मला दाखला देता येणार नाही." दाखला नाही म्हणजे लग्न नाही.

तर लिहिते. विधुराने लग्न करू नये असं शास्त्रात कुठेही नाही, आणि मीही ते म्हणत नाही. मरणाने वचन संपतं. पण लग्न म्हणजे पेज नव्हे, मधू. टायफॉइडमधून उठलेल्याला पेज देणारी कुणीही देवदूत वाटते. आणि जी बाई रविवारी सोसायटीच्या मीटिंगा घेते ती तुझ्या घरात प्रभूचा दिवस कसा पाळणार? नात्याचं कुणी नाही, तिला संसाराची सवय नाही. शिवाय माझ्याशी एक शब्द न बोलता तू ठरवून मोकळा झालास.

हरकत कायम आहे.

बायजाबाई

खोली दहा बाय बारा म्हणजे लहानच.


वाशी, नवी मुंबई
२५ सप्टेंबर १९८१

प्रिय अक्का,

तू "बायजाबाई" अशी सही केलीस. मला शाळेत उशीर झाल्यावर तू अशीच परकी व्हायचीस. आजही तेवढंच लागलं.

तुला आधी सांगायला हवं होतं. भ्यालो. चूक झाली, क्षमा कर.

पण दोन गोष्टी मी तुला सांगायच्या विसरलो, किंवा पत्रं फाडताना त्याही फाटल्या. जयमाला सेक्रेटरी झाली ती एका अटीवर. रविवारी सकाळी सोसायटीची एकही मीटिंग होणार नाही, ही ती अट. सगळ्यांनी कुरकुर केली. तिने सांगितलं, "मग दुसरं कुणी बघा." दुसरं कुणी नव्हतंच. आता मीटिंग शनिवारी संध्याकाळी होते आणि लोक म्हणतात की रविवार मोकळा मिळाल्यापासून घरात शांतता आहे. दुसरी गोष्ट, तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तू उठलीस त्या जागी ती इतकी हसली की मला राग आला. म्हणाली, "अख्ख्या मंडळीसमोर उठून खरं बोलणारी नणंद! मला देवाने एवढं दिलं?" मग तिने पत्र माझ्या हातून घेतलं आणि पुन्हा एकटीने वाचलं. तुझी आधीची पत्रंही मागितली. ती तुला वेगळं लिहिते आहे. काय ते मला सांगत नाही.

अक्का, मी भांडणार नाही. तू हरकत मागे घेतली नाहीस तर सतरा तारखेला लग्न होणार नाही. तुझ्या अंगावर पाय देऊन मी संसार मांडणार नाही, आणि जयमालाही मांडू देणार नाही. तिला मी विचारलं, थांबशील का? ती म्हणाली, थांबेन. पण तिचा चेहरा बघितला, अक्का. सेहेचाळीस वर्षं थांबलेल्या बाईला आणखी थांब म्हणणं मला जड गेलं.

तुझा
मधू


वाशी, नवी मुंबई
२५ सप्टेंबर १९८१

आदरणीय बायजाबाई यांस,
सप्रेम सलाम.

मी जयमाला त्रिभुवन. तुमची हरकत जिच्यावर आहे ती.

मी चोवीस वर्षं सिस्टर आहे. पेशंट म्हणतो, "डोकं दुखतंय," आणि हात पोटावर असतो. आम्हाला हात बघायची सवय लागते. मधुकररावांनी तुमची पत्रं दाखवली. ते पुरुष आहेत, पत्रात जे लिहिलं तेवढंच वाचतात. मी विचारते, रागावू नका. शिसवी कपाट का देऊन टाकलंत? दहा बाय बारा खोली तुम्हाला लहान का वाटली? दोन जिन्यांची काळजी कुणाच्या गुडघ्यांसाठी होती?

तुम्हाला घर सोडायला सांगितलं आहे ना? आणि तुम्ही इथे येऊन राहणार होता.

चुकलं असेल तर क्षमा करा आणि हे पत्र फाडून टाका. बरोबर असेल तर मला सांगा. त्यांना नका सांगू, मलाच सांगा. सोसायटीच्या कामाबद्दल मात्र आपण समोरासमोर भांडू. पाणी मिळावं म्हणून मी प्रार्थना केली, मग कळशी उचलली. दोन्ही एकाच देवाच्या नावाने केलं. त्यातलं कुठलं वरचं आणि कुठलं खालचं हे मला कळत नाही.

आणि बाई, संसाराची सवय नाही हे खरं आहे. मला शिकवायला कुणी नव्हतं.

आपली
जयमाला


अहमदनगर
२९ सप्टेंबर १९८१

चि. जयमालाबाई यांस,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचून दार लावून घेतलं. मग चहा केला, तो उतू गेला. मग आणखी एकदा वाचलं.

हो. मिशनच्या कंपाऊंडातली आमची जुनी घरं पाडून तिथे मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं आहे. चांगलं काम आहे, मुली वाढल्या आहेत, माझा त्यावर राग नाही. डिसेंबरअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. मला वाटलं, नाताळाला ट्रंक घेऊन मधूच्या दारात उभं राहावं. आधी कळवलं तर तो काळजी करेल, मदत पाठवेल, म्हणून काही लिहिलं नाही. मी त्याच्यापासून लपवलं आणि त्याने माझ्यापासून. एकाच आईची लेकरं!

मग त्या रविवारी पाळकांनी नावं वाचली. मला वाटलं, ज्या दारात जायचं होतं ते बंद झालं. हरकत कुठली, जयमालाबाई? घाबरले आणि उठले. आयुष्यभर मुलींना सांगत आले की घाबरल्यावर प्रार्थना करा. स्वतः मात्र सरळ उभी राहिले.

परवाच्या रविवारी दुसऱ्यांदा नावं वाचली. पाळकांनी "हरकत" हा शब्द इतका हळू उच्चारला की कुणाला ऐकू गेला नसेल. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत उभे राहिले. मी मान खाली घातली. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

येत्या रविवारी मी उठून हरकत मागे घेईन. तुझं लग्न ठरल्या दिवशी होईल. पण मी तुमच्याकडे राहायला येणार नाही, हे आत्ताच सांगते. हे रागाने नाही. नवरा-बायकोने आईबापांना सोडून एक व्हावं अशी देवाची योजना आहे, ती बहिणींनाही लागू आहे. नव्या संसारात तिसरं माणूस, मग ते कितीही मायेचं असो, दहा बाय बाराच्या खोलीत फार मोठं होतं. मिशनच्या वृद्ध स्त्रियांच्या आश्रमात जागा आहे. तिथे चांगुणाबाईंची जाऊ आहे, ती घोरते, पण मन चांगलं आहे.

शनिवारच्या मीटिंगांचं कळलं. त्या बाबतीत मी तुला चुकीचं समजले. बाकी निवडणुकीबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.

मधूला काही सांगू नकोस.

तुझी
बायजाबाई


वाशी, नवी मुंबई
३ ऑक्टोबर १९८१

प्रिय बाई,

मधुकररावांना मी सांगितलं. क्षमा करा. ज्या घरात नवरा-बायको एकमेकांपासून लपवतात त्या घरात मला जायचं नाही, आणि सुरुवात माझ्यापासून झाली असती. त्यांनी डोक्याला हात लावला. "ती खोलीची रुंदी विचारत होती आणि मी तिला इंच-फूट कळवत बसलो," असं म्हणून ते रडलेच. आता ते बाजारातून दुसरा पलंग आणायला निघाले होते. मी थांबवलं.

तिसऱ्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटलं आहे. खरं सांगते, ते पटल्याचंही मला वाईट वाटलं. पण आश्रमाआधी एक ऐका. इथून चालत दहा मिनिटांवर वाशी गाव आहे, जुनं, कोळी-आगऱ्यांचं. तिथल्या गोजराबाईंच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं. त्यांच्या घराला लागून वेगळ्या दाराची एक खोली आहे, तळमजल्याची, जिना नाही. काल त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, "मास्तरीन हाय नं ती? मंग येऊं दे की! भाडा-बिडा काय नको. माझी नातवंडा दिवसभर हुंदडतान, त्यांना चार अक्षरा शिकव म्हनावं." मी म्हटलं, बाई फार कडक आहेत. तर म्हणाल्या, "मी काय मऊ हाय?" सुक्या मासळीचा वास मात्र येतो, तो मी लपवत नाही.

आता माझं एक मागणं. उपासनेत पाळक विचारतील, या स्त्रीला लग्नात कोण देतो? बाप देतो, भाऊ देतो, मामा देतो. बोर्डिंगातल्या मुलींना आमच्या मोठ्या बाई द्यायच्या. त्या आता नाहीत. पाळक म्हणाले, मंडळीतले कुणी वडीलधारे गृहस्थ उभे करू. मला कुणी उभं केलेलं माणूस नको आहे. मी त्यांना विचारलं, नवऱ्याच्या बहिणीने मुलगी दिली तर चालेल का? त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. म्हणाले, "असं कधी ऐकलं नाही, पण इथे 'कोण' एवढंच लिहिलं आहे."

तुम्ही द्याल का मला?

तुमची
जयमाला


अहमदनगर
७ ऑक्टोबर १९८१

चि. जयमालेस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की कागद ओला होत होता. शाईचं पेन आहे, बॉलपेन मला आवडत नाही.

आधी रविवारचं सांगते. तिसरा रविवार म्हणून मंडळी अशी भरली होती की नाताळाला भरत नाही. पलीकडच्या मंडळीतलेही लोक सहज आल्यासारखे येऊन बसले होते. पाळकांनी नावं वाचली, प्रश्न विचारला, आणि चष्मा काढून हातात धरला. मी उठले. चांगुणाबाईंनी माझा पदर ओढला, "बस गं बायजा, बस!" मी म्हटलं, "माझी हरकत मुलीवर नव्हती. मला एकटं पडायची भीती वाटली, तिला मी हरकत म्हणाले. ती मी मागे घेते." मग चांगुणाबाई, पदर तसाच धरलेला, एवढ्या मोठ्याने "आमेन" ओरडल्या की मागच्या बाकावरचं बाळ दचकून रडायला लागलं आणि सगळी मंडळी हसली. आणि मीही हसले, जयमाले. देवाच्या घरात, प्रवचनाच्या आधी, तोंडाला पदरही न लावता. मधूला हे सांग, त्याला आनंद होईल. त्याला हेही सांग की आनंदाबद्दलचं माझं मत मी थोडं सैल केलं आहे, फार नाही.

आता तुझं मागणं. पाळक विचारतील तेव्हा मी उठेन आणि "मी देते" म्हणेन. अलीकडे मला उपासनेत उठायची सवय झालीच आहे. पण याचा अर्थ नीट समजून घे. जी मुलगी देते ती मुलीकडची. सतरा तारखेपासून मी मधूची बहीण असेन, पण लग्नात वरपक्षाची नसेन. त्याने मला वधूपक्षाचा मान द्यावा, आणि तुला काही उणं बोलला तर जाब मला द्यावा. हे त्याला वाचून दाखव. लहानपणी तो मला भीत असे, थोडंसं भ्यायला अजून हरकत नाही.

गोजराबाईंची खोली मी घेते, लग्नाला येतानाच ट्रंक आणते. त्यांना सांग, मुलांना शिकवीन, पण भाडंही देईन. मासळीचा वास चालेल. तू म्हणतेस मला राहायला जागा मिळावी म्हणून ती खोली बघितलीस. मी त्यासाठी घेत नाही. मी अडतीस वर्षं बोर्डिंगच्या शाळेत शिकवलं. मे महिन्यात ज्या मुलींना न्यायला कुणी येत नाही त्या मला ठाऊक आहेत. इतर मुलींच्या ट्रंका त्या भरून देतात, वेण्या घालून देतात, हसतात, आणि फाटकाकडे मात्र बघत नाहीत. अशी एक मुलगी जालन्यालाही असणार, हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं. तू माझा हात बघितलास, मी तुझा बघितला नाही.

तर लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की सरळ गोजराबाईंकडे ये. पिशवीत दोन लुगडी टाक. तुझं माहेर आहे ते. दोन दिवस राहायचं, कामाला हात लावायचा नाही, उशिरा उठायचं. मधूला आणायचं नाही. त्याने तिसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यायला यावं, आणि मी लगेच पाठवीन असं समजू नये.

तुझी आई म्हण, काहीही म्हण,
बायजाबाई